मोबदला कुणाच्या नावावर?

अर्थशास्त्र घेऊन बी. ए. करणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात. विकास म्हणजे रस्ते, कारखाने, वीज, नोकऱ्या. रुपयाला लिंग नसते, बाजारभाव स्त्रीला एक आणि पुरुषाला एक असा नसतो, मग विकासाच्या अर्थशास्त्रात स्त्री-पुरुष हा विषय आणायचा कशाला? तो समाजशास्त्राच्या वर्गात शिकवावा. प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तरही नेमके द्यायला हवे. या प्रकरणात मांडायचे आहे ते असे: लिंगभावाचा विचार वगळला, तर राष्ट्रीय उत्पन्न, श्रमाचा पुरवठा, स्थलांतर, कुटुंबाचे कल्याण या विषयाच्या मूळ संकल्पनाच चुकीची उत्तरे देऊ लागतात. हा विचार न्यायासाठी हवाच. पण गणित बरोबर यावे म्हणूनही हवा.

१. समोर असलेले उदाहरण

नागपूरच्या दक्षिणेला वर्धा रोडने निघाले की विमानतळ ओलांडल्यावर मिहान सुरू होते. मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अॅट नागपूर या लांबलचक नावाचे हे लघुरूप. प्रकल्प राबवण्यासाठी राज्य सरकारने २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन केली. विमानतळाचा विस्तार आणि त्याला लागून विशेष आर्थिक क्षेत्र, अशी कल्पना होती. त्यासाठी खापरी, शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या परिसरातल्या शेतजमिनी घेतल्या गेल्या. आज तिथे टीसीएस, एचसीएल, इन्फोसिससारख्या कंपन्या आहेत, बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान दुरुस्ती केंद्र आहे, एम्स आहे. दहेगावच्या शिवारात आयआयएमचा परिसर २०२२ साली उभा राहिला. खापरीपर्यंत मेट्रो २०१९ सालीच धावू लागली.

विकासाच्या अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक उघडावे आणि मिहानकडे पाहावे. शेतीकडून उद्योग-सेवांकडे वाटचाल, भूसंपादन, पायाभूत सुविधा, परकीय गुंतवणूक, शहरीकरण, स्थलांतर: पुस्तकातली जवळजवळ सगळी प्रकरणे इथे एका शिवारात भेटतात. नागपूर विद्यापीठाच्या परिसरातल्या महाविद्यालयांना याहून चांगले उदाहरण शोधायला कुठे जावे लागणार नाही. म्हणून पुढचे प्रत्येक पाऊल मिहान डोळ्यांसमोर ठेवूनच टाकू.

२. न मोजलेले तास

पहिली संकल्पना राष्ट्रीय उत्पन्नाची. देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू-सेवांचे मूल्य, अशी व्याख्या विद्यार्थी पाठ करतात. त्यातली एक रेघ मात्र त्यांना क्वचितच स्पष्ट करून सांगितली जाते. शेतकऱ्याने घरी खायला ठेवलेली ज्वारी बाजारात गेली नाही, तरी तिचे मूल्य अंदाजाने धरले जाते. त्याच ज्वारीची भाकरी घरातल्या बाईने भाजली, तर त्या श्रमाचे मूल्य धरले जात नाही. तीच भाकरी मिहानमधल्या कॅन्टीनमध्ये भाजली गेली तर धरले जाते. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. जगभरच्या राष्ट्रीय लेख्यांसाठी माणसांनी ठरवलेला तो नियम आहे.

रेघेपलीकडे किती श्रम राहतात, याचा अंदाज आता आपल्याकडे आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळवापर सर्वेक्षण केले. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के स्त्रिया रोज बिनपगारी घरकाम करत होत्या आणि त्या प्रत्येकीची त्यात सरासरी २९९ मिनिटे जात होती. पुरुषांमध्ये असे काम करणारे होते सुमारे २६ टक्के, आणि त्यांची सरासरी होती ९७ मिनिटे. इथे वर्गात थांबून एक छोटे गणित करून घ्यावे. ९७ मिनिटे हा आकडा फक्त काम करणाऱ्या पुरुषांचा आहे. सगळ्या पुरुषांची सरासरी काढायची तर ९७ला ०.२६ने गुणावे लागेल: साधारण २५ मिनिटे. स्त्रियांसाठी २९९ गुणिले ०.८१, म्हणजे साधारण २४२ मिनिटे. पंचवीस मिनिटे आणि चार तास! सरासरी कशाची काढली यावर चित्र किती बदलते, हा संख्याशास्त्राचा धडाही त्यातच शिकवून होतो. २०२४च्या सर्वेक्षणात काम करणाऱ्या स्त्रियांची सरासरी २८९ मिनिटांवर आली आहे. पुरुषांचीही ८८वर उतरली आहे.

आता हे मिहानला लावून पाहू. समजा, एका कुटुंबाची शेती गेली आणि घरातली बाई वर्धा रोडवरच्या इमारतींत धुणीभांडी करू लागली. तिला महिन्याला ९,००० रुपये मिळतात असे धरू. वर्षाचे १,०८,००० झाले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात तिच्या मजुरीची ही पूर्ण रक्कम वाढ म्हणून दिसेल. तिच्या घरचा स्वयंपाक, पाणी, म्हाताऱ्या सासूची देखभाल यांचे काय झाले? ते एक तर ती पहाटे आणि रात्री करते, म्हणजे तिची झोप घटली. किंवा थोरली मुलगी करते, म्हणजे तिची शाळा बुडाली. झोप आणि शाळा यांची वजाबाकी कुठेही होत नाही. बाईच्या हातात पैसा आला हे चांगलेच झाले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण वाढ १,०८,००० रुपयांची झाली असे म्हणणे हे हिशेब म्हणून अपुरे आहे. पदवीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याला हे समजायला कोणतेही अवघड गणित लागत नाही.

३. लुईस यांची आकृती आणि कापसाची वेचणी

विकासाच्या सिद्धान्तांमध्ये आर्थर लुईस यांचे १९५४चे प्रतिमान सगळीकडे शिकवले जाते. गाभा सोपा आहे. गरीब देशात शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे असतात. त्यांतली काही उद्योगांकडे गेली तरी शेतीचे उत्पादन घटत नाही, म्हणून उद्योगांना बराच काळ स्वस्त श्रम मिळत राहतो आणि नफ्यातून गुंतवणूक वाढत जाते. फळ्यावर आडवी रेघ ओढून शिक्षक ‘अमर्याद श्रमपुरवठा’ लिहितात आणि पुढे जातात.

खापरी-दहेगावच्या शेतात ही जास्तीची माणसे नेमकी कोण? विदर्भातल्या कापसाच्या शेतीत नांगरणी-वखरणी, फवारणी ही कामे मुख्यतः पुरुषांची. निंदण, खुरपण आणि वेचणी मुख्यतः बायकांची. एप्रिल-मे महिन्यांत शेतात कुणालाच फारसे काम नसते. पण वेचणीच्या दिवसांत बायांसाठी गावोगाव शोधाशोध होते, ऑटो-टेम्पोने मजूर आणावे लागतात, आणि कापूस झाडावर राहिला तर प्रत घसरते. याचा अर्थ जादा श्रम बारमाही नसतो आणि सगळ्यांचा नसतो. एका शेतातून एक पुरुष बाहेर गेला आणि एक स्त्री बाहेर गेली, या दोन घटनांचा उत्पादनावर परिणाम वेगवेगळा होतो; तोही महिन्यामहिन्याला बदलतो. हंगाम आणि कामाची विभागणी विचारात घेतली की लुईस यांचे प्रतिमान कोसळत नाही, ते अधिक नेमके होते. खुद्द लुईस यांनी आपल्या मूळ लेखात घरातल्या स्त्रियांचा श्रमाच्या साठ्यात समावेश केला होता, आणि घरातली कामे बाजारात जाणे हा विकासाचा ठळक भाग मानला होता. आकृती काढण्याच्या घाईत तो भाग मागे पडला. त्यानंतर १९७०मध्ये डॅनिश अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी आर्थिक विकासातल्या स्त्रियांच्या भूमिकेवर पुस्तक लिहिले आणि आफ्रिका-आशियातल्या शेतीच्या पुराव्यांवरून दाखवले की शेतीचे तंत्र बदलते तेव्हा स्त्री-पुरुषांच्या कामाची वाटणी बदलते, आणि नव्या तंत्राचा लाभ दोघांना सारखा मिळत नाही. लुईस आणि बोसरप एकाच आठवड्यात शिकवता येतात. त्यासाठी वेगळा पेपर लागत नाही.

४. कुटुंब नावाची बंद पेटी

तिसरी संकल्पना सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्याकडे जास्त वेळ देऊ. अर्थशास्त्रात ग्राहक म्हणून बहुतेक वेळा ‘कुटुंब’ धरले जाते. कुटुंबाचे उत्पन्न, कुटुंबाचा खर्च, कुटुंबाचे दारिद्र्य. यात एक गृहीतक लपलेले असते: घरातले सगळे एका मताचे, आणि घरात आलेला पैसा कुणाच्याही हातात आला तरी तो सारखाच खर्च होणार. हे गृहीतक खरे असेल तर शेतजमिनीचा मोबदला वडिलांच्या खात्यात गेला काय नि आईच्या खात्यात गेला काय, काहीच फरक पडायला नको.

पण फरक पडतो. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याची पद्धत बदलली. आधी तो लाभ मुख्यतः वडिलांच्या पगारातून मिळे, नंतर तो थेट आईला मिळू लागला. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या अर्थतज्ज्ञांनी १९९७मध्ये दाखवले की त्या बदलानंतर स्त्रियांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत वाढला. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचे निवृत्तिवेतन वाढले तेव्हा एस्तेर डुफ्लो यांनी घरातल्या लहान मुलांची वजने-उंच्या तपासल्या. पेन्शन आजीला मिळत असेल तर नातींचे पोषण सुधारलेले दिसले; आजोबांना मिळत असेल तेव्हा तशी सुधारणा आढळली नाही. घर तेच, रक्कम तीच, परिणाम निराळा. अमर्त्य सेन कुटुंबाकडे म्हणूनच सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालणारी जागा म्हणून पाहतात: एकत्र राहण्यात सगळ्यांचा फायदा असतो, पण फायद्याची वाटणी कशी व्हावी हे ज्याच्या-तिच्या वजनावर ठरते. आणि वजन ठरते ते मालमत्ता, कमाई आणि बाहेर पडायची वेळ आली तर हाताशी काय आहे, यांवर.

हे सगळे सातबाऱ्यावर आणून पाहू. मिहानसाठीचे भूसंपादन सुरू झाले तेव्हा देशात १८९४चा भूसंपादन कायदा होता. मोबदला मिळायचा तो जमिनीत कायदेशीर हितसंबंध असणाऱ्याला. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, धनादेश त्याचा. सातबाऱ्यावर बायकांची नावे किती असतात? २०१५-१६च्या कृषिगणनेनुसार देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती स्त्रियांच्या नावे होती. म्हणजे वर्षानुवर्षे निंदण-वेचणी जिने केली, तिच्याकडे जमीन जाताना दाखवायला कागद नाही. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईची तर जमीनही गेली नाही आणि मोबदलाही आला नाही. तिचा फक्त रोजगार गेला. २०१३च्या नव्या कायद्यात शेतमजूर, कुळे यांना बाधित कुटुंबांत धरले गेले आणि विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता स्त्रियांना स्वतंत्र कुटुंब मानले गेले. कुटुंबाची पेटी कायद्यानेच थोडी उघडली, ती अशी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मजात वाटा महाराष्ट्राने १९९४मध्येच दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळले. हिंदू वारसा कायद्यातल्या केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीने ती अट काढली आणि ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५पासून लागू झाली. मिहानची जमीन घेण्याची प्रक्रिया याच वर्षांमध्ये चालू होती. एकाच शिवारातल्या दोन बहिणींचा हक्क लग्नाच्या आणि व्यवहाराच्या तारखेवर अवलंबून राहू शकतो. संस्था आणि कायदे विकासाचे फळ कसे वाटतात, हे शिकवायला याहून जिवंत उदाहरण कोणते असेल?

मोबदल्याची लाखांतली रक्कम घर, गाडी, लग्न की शिक्षण यांवर खर्च होते, हे कोण ठरवतो, हा यापुढचा प्रश्न आहे. इथे पुरुषांकडेही पाहायला हवे. शेती हाच ज्याचा व्यवसाय आणि प्रतिष्ठा होती, त्या तरुणाकडून घर चालवण्याची अपेक्षा तशीच राहते, हातातले कौशल्य मात्र एका दिवसात निरुपयोगी होते. लिंगभावाचा विचार त्याच्यावरच्या या ओझ्याचाही विचार आहे.

५. नोकरी आहे, पण पाळी रात्रीची

स्थलांतर शिकवताना हॅरिस आणि टोडारो यांचे १९७०चे प्रतिमान येते. माणूस शहराकडे जातो तो तिथला पगार पाहून नव्हे, तर अपेक्षित पगार पाहून. समजा, गावात महिना ७,००० रुपये नक्की मिळतात. मिहानमध्ये पगार १६,००० आहे, पण नोकरी मिळण्याची शक्यता निम्मी. अपेक्षित पगार झाला ८,०००. सात हजारांपेक्षा जास्त, म्हणून तरुण निघेल.

तीच नोकरी, तोच पगार, पण उमेदवार त्याची बहीण. पाळी रात्री संपते, सुरक्षित वाहनाचा किंवा वसतिगृहाचा जादा खर्च २,००० धरला, तर हातात राहतील १४,००० आणि निम्म्या शक्यतेने अपेक्षित रक्कम ७,०००वर येते, गावात नक्की मिळते तेवढीच. ती निघणार नाही. शहरात काम शोधणाऱ्यांच्या आकडेवारीत ती दिसणार नाही, आणि वाचणारा समजेल की तिला इच्छा नाही. गणितात फक्त एक खर्चाचा रकाना वाढवला, आणि इच्छेचा प्रश्न अडचणीचा प्रश्न झाला. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि संरक्षणाच्या अटीवर रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करायला वाट मोकळी केली. पण मिहान हजारो हेक्टरांत पसरलेले आहे. खापरी स्थानक ते कंपनीचे फाटक हे अंतर रात्री कशाने काटायचे, यावर त्या कायद्याचा उपयोग ठरतो. बसचा मार्ग आणि रस्त्यावरचे दिवे हे म्हणून श्रमबाजाराचेच विषय आहेत.

स्त्रियांच्या श्रमसहभागाचा आकडाही इथेच शिकवावा. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होता. २०२३-२४मध्ये तो ४१.७ टक्के झाला. एवढी झेप पाहून टाळ्या वाजवण्याआधी विद्यार्थ्यांनी आत डोकावायला हवे. त्याच काळात कामकरी स्त्रियांमधला स्वयंरोजगारातला हिस्सा सुमारे ५२ टक्क्यांवरून ६७ टक्क्यांवर गेला, आणि या गटात घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्याही धरल्या जातात. २०२३-२४मध्ये ग्रामीण सहभाग ४७.६ टक्के, शहरी अवघा २८. मिहानसारख्या प्रकल्पांकडून अपेक्षा असते ती पगारी, शहरी, पक्क्या नोकऱ्यांची. वाढ मात्र मुख्यतः दुसरीकडे झाली आहे.

६. आक्षेप

पहिला आक्षेप असा की हे शास्त्र नव्हे, विचारसरणी आहे. वरची गणिते पुन्हा पाहावीत. वेळ, खर्च, मालमत्ता, सौदाशक्ती ही सगळी अर्थशास्त्राचीच साधने आहेत. ती कुठे थांबवायची ही रेघ फक्त पुढे सरकवली. शिवाय हा विचार एकाच गोटाचा नाही. शेतमालाच्या भावासाठी आणि खुल्या बाजारासाठी लढणाऱ्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले, आणि पुढे शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवून बायकोच्या नावे जमीन करायला शेतकऱ्यांना प्रवृत्त केले. बाजारवादी असो की डावा, हिशेब नीट करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आपल्याकडे खरी दरी जातीची आणि वर्गाची, एम्समधली डॉक्टर आणि तिच्या घरी भांडी घासणारी बाई या दोघींना ‘स्त्री’ या एका मापाने कसे मोजणार? मोजू नयेच. याचे उत्तर नागपूरनेच कधीचे दिले आहे. २० जुलै १९४२ रोजी इथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, बाबासाहेब आंबेडकर तिथे बोलले. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे यांत काम करणाऱ्या स्त्रियांना रजा, नुकसानभरपाई, निवृत्तिवेतन मिळावे, अशा मागण्या परिषदेने केल्या. जात, मजुरी आणि बाईपण यांतले एक निवडा, असे त्या बायकांना कुणी सांगितले नव्हते, आणि त्यांनीही तसे केले नाही. चांगले अध्यापनही तसेच असते: आकडा स्त्री-पुरुषांत फोडावा, मग जातीत, मग जमीन असलेल्या-नसलेल्यांत.

तिसरी अडचण शिक्षकांची आहे, आणि ती खरी आहे. अभ्यासक्रम आधीच भरगच्च, त्यात नवे घटक कुठे बसवायचे? म्हणूनच ‘स्त्रिया आणि विकास’ असे शेवटचे प्रकरण जोडण्याचा उपाय फारसा उपयोगी नाही. मीठ कणीक मळतानाच घालावे लागते. पोळी भाजून झाल्यावर वरून भुरभुरवले तर ते लागत नाही. शेवटचे प्रकरण परीक्षा जवळ आल्यावर घाईत उरकले जाते किंवा पर्यायात सोडले जाते. उलट राष्ट्रीय उत्पन्न शिकवताना वीस मिनिटे वेळवापराला, लुईस शिकवताना वीस मिनिटे वेचणीला, दारिद्र्य शिकवताना एक तास सातबाऱ्याला दिला, तर एकही घटक वाढत नाही. प्रकल्पकामासाठीही दूर जायला नको. सातबारे ऑनलाइन पाहता येतात: एका गावच्या पन्नास उताऱ्यांवर स्त्रियांची नावे मोजावीत. स्वतःच्या घरातल्या प्रत्येकाच्या एका दिवसाची तासावार नोंद ठेवावी. खापरी स्थानकावरून रात्री दहाला बाहेर पडणाऱ्या प्रवाशांत मुली किती, हे आठवडाभर टिपावे. मुलगे आणि मुली दोघांनीही हे करावे. आपल्या घरातले २५ आणि २४२ स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मुलग्याला ते पुस्तकातून सांगण्याची गरज राहत नाही.

शिक्षकांना आणि अभ्यासमंडळांच्या सदस्यांना एक विनंती मात्र करावीशी वाटते. विद्यार्थी परीक्षेत विचारतात तेच वाचतात, त्यामुळे बदलाची सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून करा. ‘लुईस प्रतिमान स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या जागी येत्या परीक्षेत हा प्रश्न घाला: ‘चार एकर कोरडवाहू शेती प्रकल्पात गेलेल्या कुटुंबातील पती, पत्नी, विवाहित मुलगी आणि त्यांच्या शेतात मजुरीला येणारी स्त्री, या चौघांच्या उत्पन्नावर, श्रमाच्या तासांवर आणि मालमत्तेवर काय परिणाम होईल ते लुईस प्रतिमानाच्या आधारे लिहा. गुण १५.’